मेन बंद केलंत ना?

१

शनिवारी सकाळी शालनचा फोन आला तेव्हा आम्रपालीताई येरवड्याच्या घरी पोहे परतत होत्या.

"ताई, मूर्ती गेली," एवढं बोलून शालन रडायलाच लागली.

ताईंनी गॅस बंद केला, पोह्यांवर झाकण ठेवलं आणि कर्वेनगरची रिक्षा धरली. धाकटी बहीण सहजासहजी रडणाऱ्यांतली नव्हती. दंगेखोर वर्गाला नुसत्या भुवईवर गप्प बसवणारी निवृत्त मुख्याध्यापिका ती. ती रडते म्हणजे प्रकरण साधं नव्हे.

मूर्ती म्हणजे तळहातावर मावेल एवढी पितळी बुद्धमूर्ती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतताना दोघींच्या वडिलांनी ती धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. वडील गेल्यावर ताईंनी ती आपणहून शालनला दिली, कारण आपल्या हातून रोज धूळ पुसली जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शालननं वडिलांना शब्द दिला होता, एकदा ही मूर्ती बोधगयेच्या पिंपळाखाली नेऊन ठेवीन. तो शब्द पाळायला शालन आणि रतनराव उद्या सकाळी निघणार होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर रतनरावांनी त्यासाठीच तर व्हॅनचं मोटारहोम करून घेतलं होतं. आत पलंग, ओटा, फ्रिज, मोरी. छतावर सोलरची पाटी. आणि कपाळावर निळ्या अक्षरांत नाव, 'चारिका'. बुद्धांच्या पायी भ्रमणाला चारिका म्हणतात. रतनराव डिझेलवर निघाले होते, पण भाव तोच होता.

ताई पोचल्या तेव्हा नवरा-बायको गाडीशी सुतकी चेहऱ्यानं उभे होते.

"काल संध्याकाळी मूर्ती आत फळीवर बसवली, वंदना केली," शालन म्हणाली. "ह्यांनी कुलूप लावलं. सकाळी मिरच्या उन्हात घातल्या आणि मूर्तीसमोर मेणबत्ती लावायला गाडीकडे गेले. दार बंद होतं, किल्लीच्या बटणानं उघडलं. आत दुर्बीण आहे, मिक्सर आहे, कॅमेरा आहे. फक्त फळी रिकामी."

"काच फुटलीय? कुठे ओरखडा?"

"काही नाही. किल्ली रात्रभर माझ्या उशीखाली," रतनराव म्हणाले. "ताई, मी सलिलला गाडी परत करतोय. त्यानंच बांधलीय, त्यानंच सांभाळावी. आठवडाभर हिच्या दाराला भुतानं झपाटलंय. आपोआप लागतं काय, फ्रिज ओरडतो काय!"

"भुताला मिक्सर नको होता वाटतं," ताई म्हणाल्या. "शालन, तू काय करणार?"

"मूर्तीशिवाय मी इथून हलणार नाही. रिकाम्या हातानं तिथे जाऊन काय सांगू? हरवली म्हणून?"

तिचा आवाज पुन्हा फुटला. आम्रपाली ओव्हाळ सरकारी विद्युत निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कुठे आग लागली की सगळे 'शॉर्ट सर्किट' म्हणून मोकळे होत, ताई विचारत, "ते कुणी केलं?" त्यांचा अनुभव असा की तारा खोटं बोलत नाहीत, आणि माणसंही पूर्ण खोटं क्वचितच बोलतात. अर्धं सांगून थांबतात.

"किल्ली एकच आहे?" त्यांनी विचारलं.

रतनराव घुटमळले. मग हळूच म्हणाले, "दुसरी आहे. भूषणकडे."

२

बुद्धभूषण हा शालनचा मुलगा. तो हिंजवडीला आयटीत होता आणि तिथेच राहायचा. फोन मिळताच तोही येऊन थडकला होता आणि आता अंगणातल्या खुर्चीत मोबाइल चोळत बसला होता.

"तुला आईबाबांनी जायला नको होतं ना?" ताईंनी थेट विषयाला हात घातला.

"ऑब्व्हियसली, मावशी! बाबांना चांदणी चौकात अजून वळण सापडत नाही. तीनदा मुंबईच्या रस्त्याला लागलेत. आणि हे बिहारला निघालेत!"

"म्हणून मूर्ती लपवलीस?"

भूषणचा चेहरा पडला. "मावशी, आजोबांची मूर्ती आहे ती. मी गाडीची हवा सोडली असती. मूर्तीला हात लावला नसता."

"हवा सोडायचा विचार केला होतास तर?"

"केला होता," तो ओशाळून म्हणाला. "किल्ली माझ्या खिशातच आहे, ही बघ. पण रात्रभर घरी झोपलो होतो, आणि त्याला साक्षीदार कुणी नाही."

ताईंना हे उत्तर आवडलं. चोर सहसा साक्षीदार तयार ठेवतो. तरी किल्ली त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली.

"आता दाराच्या भुताबद्दल सांग."

"मंगळवारी मला अर्धी मीटिंग सोडून यावं लागलं. आई गाडीत होती. खाली उतरली, मागे दार लागलं, किल्ली आत."

"मी दार लावून मिरच्या उन्हात घालायला उतरले होते," शालन म्हणाली. "मसाला करून न्यायचा होता ना. सूप टेकवते न टेकवते तोच मागे टक! दार बंद. ते भिंतीकडच्या अंगाला आहे ना, मधलं, सरकतं, घरात शिरायचं, तेच."

"ड्रायव्हरचं नाही?"

"ते नाही लागलं कधी. पण त्या दिवशी मी ते आतून लावून ठेवलं होतं. बुधवारी परत तसंच. मिरच्या पसरते तोच आतून फ्रिज 'टीं' करून ओरडला आणि दार लागलं. गुरुवारी मात्र गाडी दिवसभर शहाण्यासारखी वागली."

"गुरुवारी मिरच्या घातल्या होत्यास?"

"छे! आभाळ होतं सकाळपासून. पण ताई, मिरच्यांचा आणि दाराचा काय संबंध?"

"दाराला विचारायला हवं," म्हणत ताई उठल्या. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला.

"पोलीस बोलावलेत की नुसत्याच चौकशा चालल्यात?"

३

यज्ञेश्वर आगाशे म्हणजे सोसायटीचे सचिव. जिन्यात चपला कशा काढाव्यात इथपासून कबुतरांनी कुठे बसू नये इथपर्यंत त्यांच्या सूचना भिंतीभिंतीवर लावलेल्या होत्या. शुभ्र धोतर, कपाळाला गंध, हातात पेपर, अशा थाटात ते खाली आले. मागोमाग त्यांच्या पत्नी हेमाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"जय भीम, आगाशेसाहेब," ताई म्हणाल्या.

"नमस्कार. वाईट झालं," आगाशे म्हणाले. मग त्यांना आपला नेहमीचा सूर सापडला. "तरी मी रतनरावांना म्हणालो होतो. घर सोडून जायचं आणि घर घेऊनच जायचं. मग जायचं कशाला?"

"तुम्हाला ही गाडी इथे नकोच होती म्हणे."

"नियमात मोटारहोम बसत नाही. मोटार बसते, होम बसतं. दोन्ही एकदम बसत नाहीत."

"या बाजूला कॅमेरा कसा नाही हो? पुढच्या फाटकावर तर दोन आहेत."

आगाशे पेपरची घडी नीट करू लागले. "सभेत विषय आला होता. मागच्या बाजूला आहे काय? भिंत आणि चार झाडं. झाडं पळून जात नाहीत."

"ह्यांनीच तर हाणून पाडला तो विषय," हेमाताई सहज म्हणाल्या. "चहा घ्या ना. आज ह्यांचं काही खरं नाही, सकाळपासून घशाखाली घास उतरलेला नाही. एवढी साग्रसंगीत पूजा झाली, गणपतीला रोज एकवीस जास्वंदी लागतात, कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून स्वतः आणतात. पण आज आरतीतसुद्धा लक्ष नव्हतं."

"शेजाऱ्याकडे चोरी झाल्यावर घास उतरतो का?" आगाशे तुटकपणे म्हणाले. जाता जाता शालनकडे न बघता पुटपुटले, "चांगल्या माणसाच्या हाती पडली असेल तर परत येईल हो मूर्ती."

ताई त्यांच्या पाठमोऱ्या धोतराकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. गाडी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढीच जागा होती. तिथेच घरात शिरायचं ते मधलं दार होतं, आणि दारासमोर शालननं लावलेलं जास्वंदीचं झाड. झाडाच्या डोक्यावर पाटी होती: 'फुले तोडू नयेत. तोडणाऱ्याचे नाव सूचनाफलकावर लावण्यात येईल. सचिव.'

"झाडाला फूल एकही नाही गं."

"धरतच नाही हल्ली," शालन म्हणाली. "संध्याकाळी टपोऱ्या कळ्या दिसतात, सकाळी बघावं तर काही नाही. कीड लागली असावी."

"असेल. शिकलेली कीड असेल."

ताई गाडीत चढल्या. उतारामुळे, नीट न लोटलेलं मधलं दार त्यांच्या मागे आपसूकच उघडं सरकलं. त्यांनी आधी दाराजवळचा बॅटरीचा मेन स्विच बघितला, तो बंद होता. मग फ्रिज बघितला, त्यावरचा हिरवा दिवा चालू होता. ताई दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मेन बंद आणि दिवा चालू, हे गणित नोकरीत कुणी मांडलं असतं तर त्यांनी त्याला कागद परत केला असता.

मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि टेबलाखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात काहीतरी लाल होतं.

"शालन, काल मूर्तीपुढे काय वाहिलं होतंस?"

"पांढरी तगर. का?"

ताईंनी तळवा उघडला. टवटवीत, नुकती उमललेली जास्वंद.

"जास्वंद एका दिवसाची धनीण. कालची असती तर एव्हाना तिचा लोळागोळा झाला असता. म्हणजे कळी आज पहाटे तुटलीय आणि इथे पडल्यावर उमललीय." त्या वळल्या. "रतनराव, तुमची किल्ली उशीखाली होती, गाडी कुलूपबंद होती, आणि तरीही आज सकाळी कुणीतरी इथे, या टेबलापाशी उभं होतं."

रतनराव पायरीवरून झटकन खाली उतरले.

४

"घाबरू नका," ताई म्हणाल्या. "काल कुलूप लावताना काय काय केलंत, ते क्रमानं सांगा."

"घरातून निघताना करतो तेच. गॅस बघितला, नळ बघितला, मेन बंद केलं."

"गाडीचं मेन?"

"मग! रोज करतो. घर सोडताना मेन बंद करायचं, ही वडिलांची शिस्त. आम्ही लग्नाला गेलो तरी मेन बंद करून जातो."

"एकदा पाहुणे आत होते तरी बंद केलं होतं," शालन म्हणाली.

"मग खाली उतरलो, दार ढकललं, पुढे येऊन किल्लीचं बटण दाबलं. पीं-पीं वाजलं. आणि नुसत्या आवाजावर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. दार तीनदा ओढून बघितलं."

"कुठलं दार?"

"ड्रायव्हरचं."

"आणि मधलं?"

रतनरावांनी गाडीच्या पलीकडे बघितलं. "तिकडे भिंतीशी अंग चोरून जावं लागतं हो. पीं-पीं वाजलं म्हणजे सगळीच लागली ना?"

ताईंनी सलिलला फोन लावला. गाडी बांधणारा सलिल आधी कावला, मग नरमला आणि शेवटी म्हणाला, "हो मॅडम, सोलरची वायर मेन स्विचच्या पुढे जोडली गेलीय, मेन बंद असलं तरी ऊन पडलं की आत वीज जाते. घाईत झालं. पण त्यानं काय बिघडतं? मेन कोण रोज बंद करतं?"

"तुम्ही रतनरावांना पुरते ओळखत नाही," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग भूषणला हाक मारली. "घरातली मोठी सतरंजी आण आणि गाडीच्या टपावर चढ. आणि शालन, तू आगाशांना बोलावून आण. म्हणावं, सचिवांच्या साक्षीनंच झालं पाहिजे."

"ताई, चोर कळला का?"

"कुलूप कळलंय. चोर आता आपणहून बोलेल."

५

दुपारी सगळे त्या अरुंद पट्टीत जास्वंदीला खेटून उभे राहिले. टपावर भूषणनं सोलरच्या पाटीवर सतरंजी अंथरली होती. आत मेन बंद होतं, फ्रिजचा दिवाही विझला होता.

"समजा, आता रात्र आहे," ताई म्हणाल्या. "रतनराव, कालच्यासारखं बटण दाबा."

पीं-पीं. पुढे खटखट दारं लागली. ताईंनी एका बोटानं मधलं दार ओढलं. ते उघडलं.

"हे कसं?" रतनराव किंचाळलेच.

"पुढची दारं इंजिनाच्या बॅटरीवर चालतात, ती लागली. हे दार घरातल्या बॅटरीवर चालतं, आणि त्याचं मेन तुम्ही बंद केलंत. कुलूप झोपलं होतं हो, आणि उतारानं दार उघडत होतं. तुम्ही रोज रात्री गाडी शिस्तीत उघडी ठेवत होता." त्यांनी दार नीट लोटून बसवलं. "आता सूर्य समोरच्या इमारतीवर चढतोय. शालन मिरच्या पसरतेय. भूषण, ओढ सतरंजी!"

सतरंजी सरकली. पाटीवर ऊन पडलं. आत फ्रिज 'टीं' करून ओरडला आणि पाठोपाठ आवाज आला: टक.

ताईंनी दार ओढलं. जागचं हललं नाही.

"वीज आली की आधी कुलूप लावायचं, अशी या यंत्राची रीत. गुरुवारी ऊनच नव्हतं, म्हणून ते दिवसभर झोपून राहिलं."

"माय गॉड!" टपावरून भूषण ओरडला. रतनरावांनी तोंडात बोट घातलं. हेमाताई म्हणाल्या, "अगंबाई, लागतं की आपोआप!" आणि त्या सगळ्या गलक्यात यज्ञेश्वर आगाशे भारावल्यासारखे दाराकडे बघत एकच शब्द बोलले.

"तरीच!"

ताई सावकाश वळल्या. "तरीच काय, आगाशेसाहेब? आम्हा सगळ्यांना दार लागलेलंच सापडलं होतं. ते आधी उघडं होतं याचं कोडं फक्त एकाच माणसाला पडलेलं असणार."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर भर दुपारचं ऊन होतं. आगाशांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. ताईंनी पदराआडून जास्वंद काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"तुमचं एकविसावं. आज गणपतीला एक कमी पडलं असेल."

"कोपऱ्यावरची फुलवाली?" हेमाताईंनी विचारलं. त्यांचा सूर असा होता की आगाशे पेपरामागे लपू पाहू लागले, पण या खेपेला पेपर आणला नव्हता.

"पहाटे नेहमीप्रमाणे... म्हणजे इथे आलो," ते म्हणाले. "दार सताड उघडं. समोर फळीवर मूर्ती. म्हटलं, कुणी चोर आला तर? आत गेलो, उचलली, दार लावून घेतलं. रतनरावांची बेल दाबायला निघालो आणि झाडावरची माझीच पाटी दिसली. एका हातात यांच्या कळ्या, दुसऱ्या हातात यांची मूर्ती. काय तोंडानं सांगणार होतो? म्हटलं, आधी फुलं घरी ठेवू, पूजा आटोपून मूर्ती गुपचूप परत ठेवू. परत येऊन बघतो तर दार बंद! मला वाटलं, मला वेड लागलंय."

"मग तेव्हा तरी सांगायचं!" रतनराव तडकले.

"तोवर शालनताई रडत होत्या," आगाशे खाली मान घालून म्हणाले. "आणि सोसायटीत बोललं काय गेलं असतं? आगाशांनी बौद्धांच्या घरातली मूर्ती उचलली. लोक कसले कसले अर्थ काढतात, मला माहीत नाही का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. चुकलो मी. फार चुकलो."

शालन पुढे झाली. "कुठे आहे ती?"

६

आगाशांच्या देवघरात गणपतीशेजारी, धुतलेल्या पाटावर, नव्या वस्त्राच्या घडीवर मूर्ती ठेवली होती. पुढे निरांजन तेवत होतं आणि जास्वंदीची लाल ओळ मांडली होती. शालननं मूर्ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि मग मात्र मनसोक्त रडली. आता ते रडणं बघायला ताईंना काही वाटलं नाही. त्यांच्याही चष्म्यावर वाफ धरली होती.

"इतकी जास्वंद बघून वडील हसले असते," शालन डोळे पुसत म्हणाली. मग तिनं भुवई वर केली, ती वर्गातली. आगाशे नकळत सरळ उभे राहिले. "तुम्हाला शिक्षा आहे. आम्ही दोन महिने नसणार. माझ्या झाडांना रोज पाणी घालायचं. आणि फुलं तोडायची, झाडावर सुकू द्यायची नाहीत. पण पहाटे अंधारात नाही. चांगलं उजाडल्यावर यायचं, पुढच्या फाटकातून, सगळ्यांना दिसेल असं."

"येईन," आगाशे म्हणाले. हेमाताईंनी नवऱ्याचा आवाज इतका मऊ बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी सलिल येऊन वायर बदलून गेला. भूषणनं कुरकुरत का होईना, चाकांत हवा भरून आणली आणि चांदणी चौकाकडे अजिबात वळू नका असं बाबांना दोनदा बजावलं. फळीवर मूर्ती बसली, पुढे पांढरी तगर आणि तिच्याशेजारी एक लाल कळी. जास्वंदीवरची पाटी कुणीतरी उतरवली होती. कुणी, ते ताईंनी विचारलं नाही. सगळ्याच चौकशा पुऱ्या करायच्या नसतात.

'चारिका' फाटकातून बाहेर पडली तेव्हा आगाशे हातात पाण्याची झारी घेऊन गॅलरीत उभे होते.

"रतनराव," ते वरून ओरडले, "गाडीचं मेन बंद केलंत ना?"

"नाही!" गाडीतून दोन आवाज एकदम आले.

"शाबास," आम्रपालीताई म्हणाल्या, आणि कालचे राहिलेले पोहे आठवून रिक्षा शोधायला लागल्या.